मागून धडकला म्हणजे सगळी चूक त्याचीच का?

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावात राहतो. चार एकर कोरडवाहू आहे आणि माझे मिस्टर गवंडीकाम करतात. त्यांचं वय 38. दोन महिन्यांआधी दिवस बुडाल्यावर ते शेजारच्या भाऊजींना मागे बसवून मोटारसायकलने बाजारातून घरी येत होते. रस्त्यात कापसाची भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. समोरून आलेल्या गाडीचे लाईट डोळ्यावर आले आणि हे ट्रॉलीवर मागून धडकले. यांच्या नडगीचं हाड दोन जागी मोडलं, आत रॉड टाकला आहे. भाऊजींचा खांदा मोडला. आमचा आतापर्यंत 1,60,000 रुपये खर्च झाला, त्यासाठी सोनं गहाण ठेवलं. ट्रॅक्टर आमच्याच गावातल्या मोठ्या शेतकरी काकांचा आहे. ते म्हणतात, ट्रॉलीमागे झाडाची फांदी टाकली होती, चूक तुमचीच, तरी माणुसकी म्हणून 40,000 देतो, पण 'आमची कोणतीही तक्रार नाही' असं स्टॅम्पवर लिहून द्या. गावही म्हणते, "मांगून धडकला ना थो? मंग चूक कोनाची?" यांनी हेल्मेट घातलं नव्हतं, लायसन्सही मागच्या वर्षी संपलं आहे. दवाखान्यात माझ्या दिरानं पोलिसांची कटकट नको म्हणून 'गाडी स्लिप झाली' असं सांगितलं. आता भाऊजीही बोलत नाहीत, म्हणतात माझा खर्च तुम्हीच भरा. सही करावी का?

उत्तर :

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. त्या स्टॅम्पवर आत्ता सही करू नका. तुमच्या मिस्टरांचं हाड नीट जुळलं की नाही हे अजून कळायचं आहे. ते पुन्हा परांचीवर चढू शकतील का, उकिडवं बसून फरशी बसवू शकतील का, हे आज डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. नुकसान किती झालं हेच माहीत नसताना ते भरून पावलं असं लिहून कसं देता येईल? उद्या तुम्ही दावा लावला तर ट्रॅक्टरच्या विमा कंपनीचा वकील सगळ्यात आधी तोच कागद कोर्टापुढे ठेवेल. उपचाराला मदत म्हणून काका काही देत असतील तर जरूर घ्या, मिळाल्याची साधी पावती द्या, पण 'तक्रार नाही', 'हक्क सोडला' असलं एकही वाक्य त्यात येऊ देऊ नका.

आता चुकीबद्दल. मागून धडकणाऱ्याची चूक, असा सरसकट नियम कायद्यात नाही. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवणं ही मागच्या गाडीची जबाबदारी असते, हे खरं आहे. 2018 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याच मुद्द्यावर मागच्या गाडीला दोषी धरलं. पण ते धावत्या वाहनांचं झालं. अंधारात, डांबरावर, दिवा नसलेली ट्रॉली उभी असते तेव्हा पहिला प्रश्न ती उभी करणाऱ्याला विचारला जातो. मोटार वाहन कायद्याचं कलम 122 सांगतं की दुसऱ्यांना धोका होईल अशा रीतीने वाहन रस्त्यावर सोडायचं नाही. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण होतं. रात्री महामार्गावर मधोमध ट्रेलर सोडून दिलेला, ना पार्किंग लाईट ना इशारा, आणि मागून कार येऊन आदळली. खालच्या कोर्टांनी कारचालकाच्या माथी मारलेला दोष सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकला.

काकांची अडचणही मी समजून घेते. आपल्याकडची साईडपट्टी म्हणजे काळी माती, कापसाने भरलेली ट्रॉली खाली उतरवली तर चाक रुततं आणि मग क्रेन बोलवावी लागते. म्हणून त्यांनी ती डांबरावरच ठेवली असेल. पंक्चर होणं ही त्यांची चूक नाहीच. त्यानंतर काय केलं, यावर सगळं ठरतं. ट्रॅक्टरचे दिवे चालू ठेवले होते का? मागे पुरेशा अंतरावर लाल त्रिकोण किंवा चमकणारं काही ठेवलं होतं का? टॉर्च घेऊन एखादा माणूस उभा केला होता का? ट्रॉलीच्या फाळक्याला रिफ्लेक्टर असले, तरी ट्रॉलीबाहेर फुगलेल्या कापसाने आणि वरून बांधलेल्या जाळीने ते झाकले गेले होते का? हे आमच्या भागात हंगामात रोज दिसतं. फाळक्यावर लाल पट्टी असते, पण ती कापसाच्या आड.

आणि ती फांदी. दिवसा फांदी दिसते, आणि ती टाकण्यामागची भावना चांगली असते. पण पळसाची असो की निंबाची, तोडलेली फांदी अंधारात चमकत नाही. समोरून लाईट डोळ्यावर असताना ती दिसेपर्यंत मोटारसायकल तिच्यावर गेलेली असते. फांदी नेमकी कुठे होती हेही विचारा. ट्रॉलीपासून पाच पावलांवर टाकलेल्या फांदीने कोणाला सावध व्हायला वेळ मिळणार?

एवढं सांगून आता तुमच्या बाजूचंही सांगते, कारण ते कोर्टात निघणारच. समोरून लाईट डोळ्यावर आले की वेग कमी करायचा, गरज पडली तर थांबायचं, ही मोटारसायकल चालवणाऱ्याची जबाबदारी असते. पुढचं दिसत नसताना त्याच वेगात गेलं तर तो भाग त्यांच्या वाट्याला येतो. गाडीचा पुढचा दिवा नीट चालत होता का? बाजारातून येताना घेतलेली होती का? हे तुम्ही लिहिलं नाही आणि मी गृहीत धरत नाही, पण दवाखान्याच्या पहिल्या केसपेपरवर दारूच्या वासाची नोंद असेल तर ती समोरच्या वकिलाला नक्की सापडते. मिस्टरांना स्पष्ट विचारा आणि जे असेल ते तुमच्या वकिलाला आधीच सांगा.

हेल्मेट आणि लायसन्सवरून गावात जो गवगवा होतो, तेवढं वजन कोर्ट त्याला देत नाही. लायसन्स संपलेलं असणं हा वेगळा गुन्हा आहे, त्याचा दंड होईल. पण लायसन्स नव्हतं म्हणून अपघात झाला, असं त्यातून आपोआप सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच सांगितलं. हेल्मेटचंही तसंच, नडगीचं हाड हेल्मेटने वाचलं नसतं. डोक्याला मार असता तर गोष्ट निराळी होती. नियम मोडला आणि त्या मोडण्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली, असा धागा समोरच्याला जोडून दाखवावा लागतो. 2020 मध्ये तिघे बसलेल्या मोटारसायकलबद्दलही कोर्टाने हेच म्हटलं.

म्हणजे चूक बटईच्या पिकासारखी वाटली जाते. समजा न्यायाधिकरणाने, म्हणजे अपघात भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाने, ट्रॉलीवाल्यांची 70 टक्के आणि तुमच्या मिस्टरांची 30 टक्के धरली, तर ठरलेल्या भरपाईतून 30 टक्के वजा होतात आणि बाकीचे मिळतात. स्वतःची थोडी चूक आहे म्हणून दावाच बुडाला, असं होत नाही. ही गोष्ट तुम्हाला गावात कोणी सांगितली नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं. चूक थोडी आपलीही आहे या ओझ्याखाली कितीतरी माणसं पाच-दहा हजारांवर अंगठा देऊन मोकळी होतात आणि पुढे जन्मभर लंगडत मजुरी करतात.

40,000 हा आकडा किती लहान आहे ते पाहा. गवंडीकाम आणि शेती मिळून मिस्टरांचं उत्पन्न महिना 12,000 धरू. पगाराची स्लिप नसली तरी चालते. हातावर पोट असलेल्या माणसाकडे कमाईचा कागद नसतो, हे कोर्टांना माहीत आहे आणि ती कामाचं स्वरूप बघून उत्पन्न ठरवतात. तरी ज्यांच्या घरांची कामं केली त्या दोन-तीन जणांना साक्षीला तयार ठेवा, हिशेबाची वही असेल तर जपा. वर्षाचे झाले 1,44,000. चाळिशीच्या आतल्या स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाला पुढच्या वाढीसाठी 40 टक्के जास्त धरतात, हे 2017 च्या प्रणय सेठी निकालावरून. म्हणजे 2,01,600. मग वयाप्रमाणे गुणक लागतो, 36 ते 40 वयाला तो 15 आहे, 2009 च्या सरला वर्मा निकालाप्रमाणे. झाले 30,24,000. आता कमाईची ताकद किती कमी झाली ते बघायचं. समजा 20 टक्के धरली, तर 6,04,800. त्यात दवाखान्याचे 1,60,000, सहा महिने काम बुडाल्याचे 72,000, आणि वेदना, गाडीभाडं, खुराक, तुम्ही मजुरी सोडून त्यांच्याजवळ बसलात ते, असं सगळं मिळून 1,00,000 धरले, तर बेरीज 9,36,800 होते. त्यातून 30 टक्के चुकीचे गेले तरी 6,55,760 उरतात. हा हिशेब फक्त पद्धत कळावी म्हणून मांडला आहे. तुमचे आकडे यापेक्षा बरेच कमी किंवा जास्त येऊ शकतात, तेव्हा या भरवशावर कोणाकडून उसने पैसे घेऊ नका.

यातलं 20 टक्के कुठून येतं, ते नीट लक्षात घ्या. उपचार संपल्यावर जिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून अपंगत्वाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यावर पायाचं अपंगत्व 30 टक्के असं काही लिहिलेलं असेल. ते त्या पायापुरतं असतं, अख्ख्या शरीराचं त्याहून कमी येतं. पण 2011 च्या राजकुमार निकालाने सांगितलं आहे की कागदावरची टक्केवारी म्हणजेच कमाईतली घट नव्हे, त्या माणसाचा धंदा बघा. गुडघा पूर्ण वाकत नसेल तर टेबलावर बसणाऱ्या कारकुनाचं फारसं बिघडत नाही. गवंड्याचं निम्मं काम जातं. म्हणून डॉक्टरांच्या साक्षीत तुमच्या वकिलाने विचारायला हवं, की हा माणूस शिडी चढेल का, सिमेंटचं घमेलं उचलून चालेल का, उकिडवा बसेल का. हे प्रश्न विचारलेच गेले नाहीत म्हणून लाखाचा फरक पडलेला मी पाहिला आहे.

आता सगळ्यात नाजूक जागा, 'गाडी स्लिप झाली'. दिरांनी ते वाईट हेतूने सांगितलं नाही. आपल्याकडे अर्ध्या केसपेपरांवर हेच लिहिलेलं असतं. पण कंपनी म्हणेल, ट्रॉलीचा संबंधच नव्हता, हे सगळं नंतर रचलं. तो कागद बदलून आणण्याच्या फंदात अजिबात पडू नका, तो खोटेपणा होईल आणि खरा दावाही त्यात बुडेल. ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला तिथे लेखी तक्रार द्या. उशीर का झाला ते खरं लिहा : माणूस दवाखान्यात होता, घरचे घाबरले होते, दिरांनी भीतीपोटी तसं सांगितलं. दीर स्वतः साक्षीत हेच सांगतील. तक्रारीला उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये म्हटलं आहे. ठाण्यात घेतलं नाही तर तीच तक्रार रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पावती जपून ठेवा. 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांना अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, पण त्यासाठी अपघाताची नोंद तर व्हायला हवी.

पुरावा अजून गावातच आहे, तो गोळा करा. मोटारसायकल दुरुस्त करू नका. मोबाईलमध्ये कोणी फोटो काढले होते, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले होते, ते तारखेसकट मागून घ्या. पंक्चर काढायला फाट्यावरून कोण आलं होतं, त्याने पाहिलं असेल ट्रॉलीला दिवा होता की नव्हता. कापूस दुसऱ्या दिवशी खरेदीवर गेला असेल तर काट्याची पावती असते, तिच्यावर ट्रॅक्टरचा नंबर आणि वजन मिळतं. ट्रॅक्टरचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकला की विम्याची मुदतही दिसते.

मुदत : अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा. ही अट 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्यावर विसंबून तुम्ही एक दिवसही घालवू नका. तुमचे दोन महिने गेले. उपचार संपायची वाट न बघता दावा लावा, प्रमाणपत्र आणि पुढची बिलं नंतर जोडता येतात. दावा तुम्ही राहता त्या भागाच्या न्यायाधिकरणातही लावता येतो.

चूक कोणाची या वादात ज्यांना पडायचंच नाही त्यांच्यासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम 164 आहे. त्यात कोणाची चूक हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला 2,50,000 मिळतात, मृत्यू झाला तर 5,00,000, आणि हाड मोडणं गंभीर दुखापतीतच मोडतं. पण ती रक्कम घेतली की पूर्ण भरपाईचा दावा संपतो. तुमच्या बाबतीत मी आधी पूर्ण दावाच बघेन. कागदपत्रं हाती आल्यावर पुरावा फारच लंगडा दिसला तर हा रस्ता आहेच. मोटारसायकलच्या पॉलिसीतला मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा आणि शेतकऱ्यांसाठीची गोपीनाथ मुंडे योजना यांची चौकशी लोक सुचवतील. दोन्ही मृत्यू आणि हात, पाय, डोळा कायमचा गमावणं यासाठी आहेत, मोडलेलं हाड त्यात बसत नाही.

भाऊजींचं मात्र वेगळं आहे, आणि इथे तुमच्या दोन घरांचं भांडण विनाकारण चाललं आहे. मागे बसलेल्या माणसाने गाडी चालवली नाही, त्याची चूक शून्य. 70-30 ची विभागणी त्याला लागूच होत नाही. दोन वाहनांच्या चुकीने तिसऱ्याला इजा झाली तर तो पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकतो, हे 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. म्हणून त्यांनी ट्रॅक्टरमालक आणि त्यांची विमा कंपनी यांच्यावर स्वतःचा स्वतंत्र दावा लावावा. एक गोष्ट लपवत नाही : ती कंपनी तुमच्या मिस्टरांच्या हिश्श्याचे पैसे पुढे त्यांच्याकडे मागू शकते. मोटारसायकलचा विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर मागे बसलेल्याची जबाबदारी कंपन्या सहसा नाकारतात, फुल पॉलिसी असेल तर ती कंपनी बघते. आजच पॉलिसी काढून बघा. भाऊजींकडे हा कागद घेऊन स्वतः जा आणि हे सगळं त्यांना समजावून सांगा. ते तुमचे सगळ्यात जवळचे साक्षीदार आहेत.

काकांशी कसं बोलायचं? "गावातल्या गावात काहाले कोर्ट-कचेरी" असं ते म्हणतील. त्यांना सांगा, काका, तुमच्या घरातून आम्हाला काही नको, ट्रॅक्टरच्या पॉलिसीची झेरॉक्स द्या आणि तुमच्या कंपनीला अपघात कळवा. विमा चालू असेल आणि ट्रॉलीत त्यांचाच कापूस असेल तर पैसे कंपनीने द्यायचे आहेत. दुसऱ्याचा कापूस भाड्याने नेत असतील, किंवा ट्रॉलीची नोंदणी आणि विमा नसेल, तर कंपनी हात वर करायला बघेल. अशा वेळी बरेचदा कंपनीने आधी द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं असा आदेश होतो, आणि काकांची खरी भीती तीच असू शकते. ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसावर फौजदारी गुन्हा नोंदला जाईल, याचीही त्यांना धास्ती असेल. दुखापतीचा तो गुन्हा जखमी माणसाच्या संमतीने आणि कोर्टाच्या परवानगीने मिटू शकतो. मिटवायचा असेल तर तो दाव्याचं नीट झाल्यावर मिटवा, आधी नको.

दवाखान्याच्या फाटकाशी किंवा गावात येऊन 'निम्मे तुमचे, निम्मे माझे' म्हणणाऱ्या एजंटला दारात उभं करू नका. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवून फी घेणं वकिलांना नियमाने मनाई आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, वर्षाचं उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर वकील मोफत मिळतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढून ठेवा. दावा निघायला वेळ लागेल, वर्षंही जातील, रकमेवर व्याज मिळतं. मध्ये लोकअदालतीत कंपनी तडजोडीचा आकडा देईल. तो घ्यायचा की नाही हे ठरवताना वर मांडला तसा हिशेब तुमच्या खऱ्या आकड्यांनी करून हातात ठेवा, कारण लोकअदालतीत एकदा मान्य केलं की त्यावर अपील होत नाही.

तक्रारीचा मसुदा लिहिताना अपघाताची वेळ, फाट्यापासूनचं अंतर आणि ट्रॉलीचा किती भाग डांबरावर होता, हे मिस्टरांकडून आणि भाऊजींकडून वेगवेगळं विचारून घ्या. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर जुळवून एक करू नका. ज्याला जे आठवतं तेवढंच त्याने सांगावं.